आबांची सव्वा मूठ

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, आणि मी गेलो तोही शास्त्र शाखेला. शिवाय ज्या दुखण्याबद्दल लिहायचं आहे ते मला झालेलं नाही, माझ्या वडिलांना, आबांना झालं होतं. दुसऱ्याच्या दुखण्यावर आपण काय लिहायचं, असं वाटून मी दोनदा कागद फाडले. तिसऱ्यांदा माय म्हणाली, "लिख. तुन्हा आबाले लिखता येत नव्हतं म्हनीसन तो गप राह्यना. तुले तं येस ना?"

म्हणून लिहितो आहे. आबांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. ऑपरेशननंतर ते तीन वर्षं जगले, आणि त्यातली अडीच तरी बरी गेली. ऑपरेशनला होकार द्यायला मात्र त्यांनी फार वेळ लावला. त्या उशिराला काही प्रमाणात मी कारण होतो. ज्यांच्या घरी हे दुखणं आलं असेल त्यांनी माझी चूक तरी करू नये, एवढाच हेतू. भाषेत काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्यावं.

*

आबांचं नाव लोटन. गाव खानदेशात, दोंडाईच्याच्या पुढे, तापीकाठी. थोरल्या भावाशी, म्हणजे तात्यांशी, भांडण झालं आणि आबा एका सकाळी कोणाला न सांगता पॅसेंजरमध्ये बसले ते सुरतेला उतरले. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. दोन वर्षं त्यांनी गावाकडे पत्र टाकलं नाही. टाकणार कसं, लिहिता येत नव्हतं. आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं तर भांडणाचं काय सांगायचं? मग एकदा राहवेना म्हणून ते स्वतःच गावी गेले. तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी आबांकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "पानी आन व, लोटन उना." पाणी आण, लोटन आला. बस. भांडण तिथे मिटलं. मधल्या दोन वर्षांबद्दल तात्यांनी काही विचारलं नाही आणि आबांनीही काही विचारलं नाही.

त्यानंतर आबांनी सुरतेला परतून बमरोलीच्या बाजूच्या एका कारखान्यात वीस वर्षं पॉवरलूम चालवले. आमची खोली डिंडोलीला. खोलीमागच्या शेतापलीकडून भुसावळची गाडी जायची. दुपारच्या पॅसेंजरची शिट्टी वाजली की आबा हातातलं काम थांबवायचे. "दोन वाजनात," एवढंच म्हणायचे. घड्याळ घरात होतं, पण त्यांनी ते कधी पाहिलं नाही.

वर्षातून एकदा मात्र ते त्या गाडीत बसायचेच, श्रावणात, रोटांना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, आधी गहू मोजतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. तान्ह्या मुलाच्या नावानेही. तात्या एकेकाचं नाव घेतात आणि मोठी माय, म्हणजे तात्यांची बायको, सुपात मूठ टाकते. त्या गव्हाचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर कोणाला द्यायचे नाहीत. आबा कुठेही असोत, त्यांच्या नावाची मूठ त्या सुपात पडायची. मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं आहे. स्वतःचं नाव आलं की आबा मान खाली घालायचे, हजेरीला 'हजर' म्हणावं तसे.

*

एकाहत्तरच्या फाल्गुनात त्यांची लघवी बंद झाली. त्याआधी वर्षभर त्यांना वारंवार उठावं लागत होतं, धार बारीक झाली होती, कंबर दुखत होती. मागावर दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाची कंबर दुखायचीच, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. त्यांनी स्वतःही कारखान्यातल्या यादवदादांशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. यादवदादा आमच्याच गावचे. त्यांनी सांगितलं होतं, "धन्यानं पानी पी," म्हणजे धण्याचं. त्या सकाळी पोट फुगून दगड झालं तेव्हा यादवदादांनीच रिक्षा आणली.

सरकारी दवाखान्यात नळी घातली. पाच मिनिटांत त्यांचा चेहरा सैल झाला. "देव शे हाऊ डाक्टर," ते मला म्हणाले. मग देवाने हातमोजा चढवून मागून बोटाने तपासलं, तेव्हा मात्र ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पडदा नव्हता. केरळकडच्या एक सिस्टर होत्या. त्यांनी न सांगता पलंगावरची चादर उचलून आडवी धरली आणि स्वतः दुसरीकडे पाहत उभ्या राहिल्या. आबांना त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना आबांची. पण पुढे पंधरा दिवस आबांनी रोज चहा आधी त्यांना विचारला, मग स्वतः घेतला.

रक्त घेतलं. कमरेचा एक्स-रे काढला. आतल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावलं. ते गुजराती, वयाने साधारण पन्नाशीचे, बोलणं हळू. आधी विचारलं, "तुं भणेलो छे ने?" मी शिकलेला आहे का. मी हो म्हटलं. मला वाटतं, तेव्हा मी नाही म्हणालो असतो तर बरं झालं असतं. त्यांनी जास्त सोपं करून सांगितलं असतं. शिकलेला म्हटल्यावर त्यांनी कागदच माझ्या हातात दिले.

रक्तातल्या अ‍ॅसिड फॉस्फेटेज नावाच्या पदार्थाचा आकडा चोवीस होता. असायला हवा त्याच्या कितीतरी वर. तुकड्यात कॅन्सर. एक्स-रेमध्ये कमरेच्या हाडावर डाग. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं मुळातून काढता येणार नाही, पण त्याला झोपवून ठेवता येईल. पुरुषाच्या शरीरात जो पुरुषाचा रस असतो त्यावर ही गाठ पोसली जाते. तो रस बंद करायचा. एक तर गोळ्यांनी, नाही तर ऑपरेशनने. आधी गोळ्या देऊन पाहू.

बाहेर आबा बाकावर बसले होते, धोतराखाली लघवीची पिशवी बांधलेली. मला पाहून म्हणाले, "तू वाच. तुले इंग्रजी येस ना. काय लिखेल शे?"

मी वाचलं. प्रत्येक ओळ वाचली, फक्त एक शब्द गाळला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आनि जो तू नही वाचा तो?"

मी सांगितलं. ते बराच वेळ पिशवीची गाठ नीट करत बसले. मग म्हणाले, "गावले मुतखडा सांगजो."

*

गोळ्या चैत्रात सुरू झाल्या. महिन्याभरात कंबरदुखी उतरली, नळी निघाली, आबा मागावर परत गेले. मी देवळात जाऊन आलो. नास्तिक व्हायचं असं कॉलेजात ठरवलं होतं, ते तूर्त बाजूला ठेवलं.

पण वैशाखापासून आबा कारखान्यात शर्ट घालून जायला लागले. तिथे सगळे बनियनवर काम करतात, एवढी उष्णता. यादवदादांनी मला नंतर सांगितलं, सगळे त्यांची थट्टा करायचे. "काय लोटनभो, याही येवाव शेत का आज? कपडा घालीसन उना!" व्याही येणार आहेत का, म्हणून. आबा हसून माग सुरू करायचे. मागांच्या आवाजात पुढचं कोणालाच ऐकू यायचं नाही.

खरं कारण असं की त्यांची छाती दुखत होती आणि सुजली होती. बनियन घासलं तरी कळ यायची. दाढी तीन-तीन दिवस करावी लागत नव्हती. हे गोळ्यांमुळे होतं, डॉक्टरांनी मला सांगितलेलंही होतं. मी ते आबांना सांगितलं नव्हतं. मुलाने बापाला असं कसं सांगायचं, तेच मला कळत नव्हतं. न सांगितल्याने काय झालं ते आता लिहितो. गोळ्या आणायला ते एकदा स्वतः गेले, तेव्हा औषधाच्या दुकानातल्या कंपाउंडरने चिठ्ठी वाचून मोठ्याने विचारलं, "आ गोळी? आ तो बैरांने आपीए, काका! तमने शा माटे?" ही तर बायकांना देतात, तुम्हाला कशाला? दुकानात गर्दी होती.

आबांनी गोळ्या घेतल्या, घरी आणल्या, फळीवर ठेवल्या. जेवणानंतर एक हातात घ्यायचे, पाण्याचा तांब्या उचलायचे. आम्ही पाहत होतो. माय पाहत होती. गोळी तोंडात जात नव्हती हे कोणाला दिसलं नाही.

*

आषाढात परत रक्त तपासायचं होतं. दवाखान्यात त्या तपासणीचं रसायन संपलं होतं, म्हणून मी आबांना स्टेशनकडच्या एका खासगी लॅबमध्ये नेलं. दुसऱ्या दिवशी कागद आणायला गेलो. जिन्यातच उघडला.

पंधरा.

चोवीसाचे पंधरा! मी जिना कसा उतरलो आठवत नाही. पेढे घेतले. खोलीवर आलो, माय भाकरी थापत होती, तिच्या पिठाच्या हातावर पेढा ठेवला. आबांना म्हटलं, "आबा, निम्म्याच्या जवळ आलं. उतरतंय दुखणं."

आबांनी पेढा घेतला नाही. त्यांनी विचारलं, "खरंच उतरनं?"

"कागदावर आहे."

"मंग बरं व्हयनं," ते म्हणाले, आणि किती तरी महिन्यांनी मनापासून हसले. "मंग औंदा रोटले मी उभा राहीसन जासू. बठीसन नही."

मला तेव्हा तो आनंद नुसता आनंदच वाटला. त्याच्या मागे काय होतं ते मला माहीत नव्हतं. ते महिनाभर गोळीशिवाय होते, आणि त्यांचा शिकलेला मुलगा त्यांना कागद दाखवून सांगत होता की दुखणं उतरलं आहे. त्यांनी त्यातून जो अर्थ काढला तो कोणीही काढला असता.

आषाढ सरत आला आणि कंबर परत धरली. पहिल्यापेक्षा जास्त. माग सोडून त्यांना खाटेवर पडावं लागलं. मी म्हणत राहिलो, आकडा कमी आहे, तेव्हा हे साधं वाताचं असेल. तेल चोळलं. आठ दिवस फुकट घालवले.

*

त्या आठवड्यात मायने चूल पेटवायला तुटक्या कांड्या काढल्या. मागाच्या धोट्यात दोऱ्याची जी लाकडी कांडी बसते ती तडकली की कारखान्यात काढून टाकतात. आबा त्या जळणासाठी घरी आणायचे. मायने एक कांडी चुलीत घालण्याआधी आपटली, तर तिच्या पोकळ बुडातून पांढऱ्या बारीक गोळ्या चुलीपुढे सांडल्या. दुसरी आपटली. तिच्यातही. तिने मला हाक मारली नाही. सगळ्या कांड्या रिकाम्या केल्या, गोळ्या ओंजळीत घेतल्या आणि आबांच्या खाटेजवळ जाऊन उभी राहिली.

"हाई काय शे?"

आबा छताकडे पाहत होते. "रोट लगून नही खावाव, असं ठरायेल व्हतं. रोट व्हई गयात का परत खासू." रोट होईपर्यंत गोळी घ्यायची नाही, असं.

"काब्र?"

"बायासनं औषध खाईसन मूठ कशी मोजाडू व मी? भाऊसमा बठीसन?" भावांमध्ये बसून.

मी दारात होतो. मला एकच सुचलं. "आबा, मग फेकल्या का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू आनेल व्हत्यात ना. फेकाई नही गयात."

माय खाली बसली. ओरडेल असं वाटलं होतं. तिने पदराच्या टोकात गोळ्या बांधल्या आणि म्हणाली, "चाला. डाक्टरकडे चाला. मी बी येस."

*

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मी सांगत होतो की चोवीसचे पंधरा झाले होते, तरी दुखतं कसं. त्यांनी पेन घेतलं आणि आकड्यांपुढच्या बारीक अक्षरांखाली रेघ मारली. दोन्हीकडे वेगळी अक्षरं होती.

"आ बे कागळ जुदी जुदी लेबना छे, भाई. बेउना माप जुदां."

दोन लॅब, दोन पद्धती, दोन एककं. या लॅबचे पंधरा म्हणजे त्या लॅबच्या चोवीसापेक्षाही थोडे जास्तच. कमी काहीच झालं नव्हतं. वाढलं होतं.

मी काय सांगू. आमचे फिजिक्सचे सर उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर पूर्ण गुण कापायचे. नुसता आकडा म्हणजे काहीच नाही, हे मी शंभरदा ऐकलेलं होतं. मोठ्या मायची मूठ आणि तात्यांची मूठ एक नसते, हे तर कॉलेजात न जाताही कळतं. आणि मी पेढे वाटले होते.

माझं तोंड बघून डॉक्टर म्हणाले, "आंकडाने एकलो न जोवाय." आकडा एकटा बघायचा नसतो. दुखणं कमी झालं का, भूक लागते का, एक्स-रे काय म्हणतो, हे सगळं मिळून बघायचं. शक्यतो एकाच लॅबमधून तपासायचं. आणि गोळी बंद केली असेल तर ते आधी डॉक्टरला सांगायचं, कारण त्यावाचून कुठल्याच कागदाचा अर्थ लागत नाही. हे मी इथे मुद्दाम लिहितो आहे. वाचणाऱ्याला माझ्या बाकीच्या गोष्टीत रस नसला तरी एवढं लक्षात राहावं.

मग ते आबांशी बोलले. रागावले नाहीत. म्हणाले, "काका, तमने पहेलेथी कहेवुं जोईतुं हतुं. मारी भूल." तुम्हालाच आधी सांगायला हवं होतं, चूक माझी. आमच्या डिंडोलीच्या माणसाला डॉक्टरने 'माझी चूक' म्हटलेलं मी तेव्हाच ऐकलं. आता गोळ्यांवर अवलंबून राहू नका, म्हणाले, ऑपरेशन करू. मोठं नाही. दोन्ही अंडकोष काढायचे. रोजच्या गोळीचा प्रश्न राहणार नाही, आणि कंबरदुखी बहुतेक लवकर उतरेल.

आबांनी मला विचारलं, "म्हंजे गोऱ्हाले करतस तसं?" खोंडाला खच्ची करतात तसं का.

उत्तर मायने दिलं. "हा. तसंच. मंग? बैल काय घरना नही ऱ्हास?"

टेबलावर संमतीचा कागद पडला होता, अंगठ्यासाठी. आबा म्हणाले, "नको." एवढंच. आणि कमरेवर हात ठेवून, भिंत धरत, बाहेर गेले. डॉक्टर मला म्हणाले, फार थांबू नका. मणक्यावर दाब आला तर पाय जातील.

*

घरी आल्यावर आबांनी मला पत्र लिहायला बसवलं. मी अंतर्देशीय पत्र घेतलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो.

"तात्याले रामराम. माले मुतखडा शे, म्हनीसन औंदा येवाव नही. मन्ही मूठ लेऊ नका. पोऱ्यानी तेवढी ल्या."

मी पेन थांबवलं. "मूठ का नको, काय लिहू?"

"मी सांगस तेवढं लिख."

"आबा, तुम्ही इथे असताना तात्या कशी घेणार नाहीत? विचारतील."

"नही विचारतस," आबा म्हणाले. "पहिलं बी दोन वरीस नहीच व्हती. मी पळी उनू तवय. जो घरले सांगीसन नही जास त्यानी मूठ कोन लेई? ते दोन वरीस खाली गयात. आते हाई तिसरं."

मी तेव्हा प्रथम हे ऐकलं. वीस वर्षं ते सुपापुढे मान खाली घालत होते ते कशासाठी, हेही तेव्हा कळलं. दोन मुठी आपण गमावल्या आहेत, आणि तरी आपल्याला परत बसू दिलं आहे, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी ते कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

मी त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. मग पत्र घेऊन भेस्तानच्या पोस्टात गेलो, आणि तिथल्या बाकावर बसून दुमडणीच्या उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात, जे लिहायला नको होतं ते लिहिलं. की हा मुतखडा नाही. की औषध कसलं आहे आणि ऑपरेशन कसलं आहे. की आबा अंगठा देत नाहीत, आणि दिला नाही तर पाय जातील. की मूठ घ्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा तात्या, मी लहान आहे, पण जे ठरवाल ते आबांना कळवा. आणि त्या दोन वर्षांचंही.

पेटीत टाकल्यावर हात परत आत घालून पत्र काढता येईल का, ते मी खरोखर पाहिलं. बापाने एकच गोष्ट झाकायला सांगितली होती.

*

रोटांच्या आदल्या दिवशी यादवदादा गावी निघताना भेटायला आले. आबांनी त्यांना नारळ दिला, मोठ्या मायसाठी सुरतेची साडी दिली. "कोनी विचारं तं मुतखडा," आबा म्हणाले. यादवदादा म्हणाले, "आरे, मुतखडा त् मुतखडा. मी काय भानामतीवाला शे, पोटमा पाहाले?" दोघं हसले. मग दोनची गाडी शेतापलीकडून गेली आणि यादवदादा त्यात होते. आबांनी मला आधीच खाट मागच्या दाराशी ओढायला लावली होती. गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा झाला तरी ते तिकडेच पाहत होते.

रविवार उजाडला. दुपारी म्हणाले, "आते सूप लिधं व्हई." थोड्या वेळाने, "आते तात्या नाव लेत व्हई." त्यांनी सगळी नावं घेतली, तात्यांपासून, वयाच्या क्रमाने. तात्या, मग एक चुलते, मग दुसरे. स्वतःच्या जागी ते थांबले. तिथे एका नावाएवढी जागा सोडली आणि पुढचं नाव घेतलं. सगळ्यात शेवटी माझं. मी मायकडे पाहिलं, ती पाठ करून बसली होती.

सोमवार गेला. मंगळवारी डॉक्टरांचा निरोप आला, की काय ठरलं. आबा म्हणाले, "पाहू." बुधवारी त्यांच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. त्यांनी सांगितलं नाही. चहाचा कप घ्यायला उठताना पाय वळला, तेव्हा आम्हाला कळलं. मी हात जोडले. माय रागावली, रडली, जेवली नाही. आबा खाटेवरून शेताकडे पाहत राहिले. पोस्टमन दोनदा गल्लीतून गेला. दोन्ही वेळा मी दारात उभा होतो, आणि दोन्ही वेळा त्याने लांबूनच हात हलवला.

गुरुवारी सकाळी यादवदादा आले. पिशवी खाली न ठेवताच त्यांनी टोपीतून घडी केलेला कागद काढला. "तात्यानी देयेल शे. पोस्टात टाकू नको म्हने. गल्लीना समदा लोके वाचतस."

आबांनी कागदाला हात लावला नाही. "तू वाच," ते मला म्हणाले.

कागद गावच्या मास्तरांच्या अक्षरात होता, पण तात्या बोलले तसा शब्दन्‌शब्द लिहिलेला. पाऊस बरा आहे. तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. साडी पोचली, मोठ्या मायला रंग आवडला. मग माझ्या पत्राचा उल्लेख आला. आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, मी सगळं सांगितलं होतं. मी पुढे वाचायचं थांबलो.

"वाच," आबा म्हणाले. "एक बी शब्द गाळू नको."

मी वाचलं.

"लोटन, पोऱ्यानं समदं लिखं. त्याले बोलू नको. डाक्टर सांगस तसं कर, आनि पुढला वरीस पायवर चालत ये. तुन्ही मूठ लिन्ही. तुन्ही भाबीनी नेहमीपेक्षा मोठी लिन्ही, मी पाहं, पन बोलनू नही. आनि ते दोन वरीस, तू विचारा नही म्हनीसन मी सांगं नही. तू कोठे शे, जित्ता शे का मरेल शे, आम्हले काहीच म्हाईत नव्हतं. तवय बी दोन्ही वरीस तुन्ही मूठ लिन्ही व्हती. आते त् आम्हनाकडे तुन्हा पत्ता बी शे."